गाळलेल्या ओळीची जागा तरी मोकळी ठेवा: शृंगारकाव्याच्या संपादक-प्रकाशकांना खुलं पत्र

प्रति,
देशोदेशीच्या प्रेमकवितेचे आणि शृंगारकाव्याचे संग्रह, अनुवाद व निवडक आवृत्त्या मराठीत काढणारे सर्व संपादक आणि प्रकाशक यांस,

सप्रेम नमस्कार.

जुनं शृंगारकाव्य आजच्या मराठी वाचकाच्या हाती येईपर्यंत त्याचं दोन ठिकाणी नुकसान होतं. संपादक काही ओळी गाळतो आणि गाळल्याचं सांगत नाही. आणि मूळ कवितेनं जे मुद्दाम झाकून ठेवलं होतं, ते अनुवादक ओळीतच उघडं करून टाकतो. पहिल्यामागे संकोच असतो, दुसऱ्यामागे वाचकाला कळणार नाही ही धास्ती. कविता दोन्हीकडे जाते. हे पत्र त्याबद्दल आहे, आणि सुरुवात घरापासून, म्हणजे गाथासप्तशतीपासून करतो.

महाराष्ट्री प्राकृतातला हा संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. कोटीभर गाथांतून सातशे निवडल्या, असं पहिल्या शतकातली, म्हणजे पहिल्या शंभर गाथांतली, तिसरी गाथाच सांगते. प्रत्यक्षात हाती येणाऱ्या पोथ्या एकसारख्या नाहीत. जर्मन पंडित वेबर यांनी १८८१ मध्ये सगळ्या परंपरा एकत्र करून छापल्या, तेव्हा एकूण ९६४ गाथा भरल्या, आणि सर्व परंपरांत समान असलेल्या निघाल्या फक्त ४३०. म्हणून संग्रहात नुसतं 'गाथासप्तशती, क्रमांक अमुक' असं छापलेलं निरुपयोगी आहे. शतक, गाथेचा क्रमांक आणि आवृत्ती, तिन्ही द्या. मराठी वाचकाच्या घरी किंवा गावच्या ग्रंथालयात असलीच तर ती बहुधा स. आ. जोगळेकरांची १९५६ ची आवृत्ती असते. तिच्याशी ताळा लागेल असा क्रमांक दिलात, तर वाचक स्वतः मूळ उघडून बघेल.

आता एक गाथा सावकाश पाहू. पहिल्या शतकातली नववी:

किं रुअसि ओणअमुही धवलाअंतेसु सालिछेत्तेसु ।
हरिआलमंडिअमुही णडि व्व सणवाडिआ जाआ ॥

साळीची शेतं पांढरी पडायला लागली म्हणून मान खाली घालून रडतेस कशाला? हरताळानं तोंड रंगवलेल्या नटीसारखी तागाची वाडी तयार झाली आहे.

एवढंच. यात प्रियकर नाही, भेट नाही, संकेतस्थळ हा शब्द नाही. पण भात पिकून पांढरट झालं म्हणजे कापणी आली, कापणी झाली म्हणजे आडोसा गेला, हे शेत पाहिलेल्या कुणालाही कळतं. तागाला पिवळीजर्द फुलं येतात आणि ताग माणसाच्या डोक्यावर, दाट वाढतो. बोलणारी सखी काय सांगते आहे, ते त्या पिवळ्या रंगात आहे. इथे अनुवाद बिघडतो तो तीन तऱ्हांनी. एक म्हणजे 'सण' शब्दाला आजच्या मराठीतला सण समजून ओळीत उत्सव आणायचा. हा सण म्हणजे ताग, संस्कृतातला शण. दुसरी तऱ्हा म्हणजे पिकाचं नाव गाळून 'दुसरं शेत बहरलंय' असं मोघम लिहायचं. मग उंची गेली, रंग गेला, नटीची उपमा लोंबकळत राहिली. तिसरी सगळ्यांत वाईट: 'भेटायची जागा गेली म्हणून रडतेस का' असं थेट लिहायचं. ज्या क्षणी 'भेटायची जागा' हे शब्द ओळीत आले, त्या क्षणी ती गाथा राहत नाही, टीकाकारानं गाथेवर लिहिलेलं वाक्य होतं.

इलाज अवघड नाही, पानाची मांडणी बदलायची आहे. वर मूळ दोन ओळी. खाली मराठी, तीही शक्यतो दोन ओळींत, जेवढं मुळात आहे तेवढीच. मग दोन ओळींची मोकळी जागा. तिच्याखाली बारीक टाइपात टीप: साळ केव्हा पिकते, ताग किती वाढतो, हरताळ म्हणजे नट तोंडाला लावत तो पिवळा रंग. वाचकाला आधी कवितेसमोर एकटं बसू द्या. न कळल्यास नजर खाली जाईलच. टीप ओळीला चिकटवली की नजर कवितेवर थांबतच नाही.

आणखी एक अडचण संस्कृत छायेची, म्हणजे प्राकृत ओळीच्या शब्दशः संस्कृत रूपाची. प्राकृत शिकायला छाया फार उपयोगी, पण अनुवाद छायेवरून केला की सालिछेत्तचं 'शालिक्षेत्र' होतं, आणि नांगरट्याच्या घरची पोर दरबारी पंडितासारखी बोलू लागते. मुळातला शब्द तर आपल्याच तोंडातला आहे: साळीचं शेत. प्राकृताकडून मराठीत थेट उतरा, संस्कृतचा वळसा घेऊ नका.

दुसऱ्या शतकातली पंचाहत्तरावी गाथा तुम्हा सर्वांच्या संग्रहात हमखास असते, कारण नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनीचं, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचं, पहिलं उदाहरण म्हणून ती घेतली:

भम धम्मिअ वीसत्थो सो सुणओ अज्ज मारिओ देण ।
गोलाणइकच्छकुडंगवासिणा दरिअसीहेण ॥

बाबा, खुशाल हिंड. ते कुत्रं आज मारलं, गोदाकाठच्या झाडोऱ्यात राहणाऱ्या त्या मातलेल्या सिंहानं. कुत्र्याला भिणाऱ्या माणसाला सिंह दाखवून 'खुशाल हिंड' म्हणायचं. वाक्य परवानगीचं, अर्थ मनाईचा. कारण फुलं तोडायला येणारा हा धार्मिक गृहस्थ बोलणाऱ्या बाईच्या संकेताच्या जागी घोटाळत असतो. यावर पुढे महिमभट्ट या साहित्यशास्त्रज्ञानं वाद घातला की इथे व्यंजना, म्हणजे शब्दानं सुचवणं, वगैरे काही नाही, हे साधं अनुमान आहे. इतका काथ्याकूट ज्या दोन ओळींवर झाला, त्यांच्या अनुवादात 'माझ्या प्रियकराला भेटायला अडथळा होऊ नये म्हणून' अशी पुस्ती जोडणं म्हणजे हजार वर्षांच्या वाचकांचं डोकं एका फटक्यात काढून टाकणं.

छंदाविषयीही बोललं पाहिजे, कारण छंदात उतरवण्याच्या हट्टापायीच पुस्त्या शिरतात. गाथेच्या पहिल्या ओळीत १२ आणि १८ मिळून ३० मात्रा, दुसऱ्या ओळीत १२ आणि १५ मिळून २७. वरच्या गाथेत मोजून पाहा: 'भम धम्मिअ वीसत्थो' इथे १२ भरतात. दुसऱ्या ओळीत बारावी मात्रा 'कुडंग' शब्दाच्या मधोमध येते. तेही चालतं, त्याला विपुला म्हणतात. म्हणजे सगळा खेळ ५७ मात्रांत. मराठीत ती ओवीत किंवा साकीत घातली की जागा उरते, आणि उरलेली जागा भरायला 'साजणी', 'गं सये', 'मदनबाण' येऊन बसतात. जागा भरायची वेळ आली तर छंद सोडा. गद्यातल्या दोन कोरड्या ओळी परवडल्या.

सातव्या शतकातली ती वाटसरूची गाथा पाहा. 'अत्ता एत्थ णिमज्जइ एत्थ अहं': सासू इथे निजते, मी इथे, दिवसाउजेडी नीट बघून घे, रातांधळ्या वाटसरा, आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस. मुळात शब्द आहे 'मह'. पटकन कुणीही त्याचा अर्थ 'माझ्या' असा करील. आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोक' या ग्रंथावर टीका लिहिताना अभिनवगुप्त मात्र बजावतो की इथे 'मह' म्हणजे 'माझ्या' नव्हे, 'आम्हा दोघींच्या'. कारण उघड आहे: 'माझ्या' म्हटलं तर जवळच बसलेल्या सासूचे कान टवकारतील. एका सर्वनामावर सगळं नाटक उभं आहे. 'अत्ता' शब्दही नुसता सासूचा नाही, तो आत्यालाही लागतो, आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याची रीत ज्या मुलखात आहे, तिथल्या वाचकाला हे दोन अर्थ एकाच बाईत भेटतात. टिपेत हे जरूर सांगा. ओळीत मात्र 'आमच्या अंथरुणावर' एवढंच.

अंगाच्या शब्दांचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि तो सर्वांत नाजूक. मराठीत शरीरासाठी एक संस्कृत पेटी आहे: स्तन, नितंब, जघन, पयोधर. दुसरी दवाखान्याची. तिसरी शिवीगाळीची. अनुवादक बहुतेक वेळा पहिलीत हात घालतो, कारण ती सभ्य वाटते. पण तिनं माणसं दगडी मूर्तीसारखी होतात. प्राकृतातला 'थण' मराठीत 'थान' होऊन गोठ्यात गेला, त्यामुळे तोही तसाच्या तसा उचलता येत नाही. पण ऊर, छाती, मांडी, कंबर, ओठ, घाम, मिठी, नखाचा ओरखडा, चुरगळलेलं लुगडं हे सगळं घरगुती मराठीत धडधाकट आहे. लावणीनं तेच वापरलं. एका संग्रहात तीस अनुवादक असतील, तर संपादकानं आधी शब्दांची एक यादी सर्वांना द्यावी. नाहीतर दोन शेजारच्या पानांवर एकीकडे 'उरोज' आणि दुसरीकडे 'छाती' येते, आणि वाचकाला वाटतं हा फरक मूळ कवींतलाच आहे.

आता कात्रीकडे येतो.

रोमन कवी मार्शियल याच्या उपरोधिक, बऱ्याचदा उघडउघड अश्लील कविता. सतराव्या शतकात फ्रेंच युवराजाच्या शिक्षणासाठी काढलेल्या आवृत्तीत नको असलेल्या कविता मुख्य भागातून उचलून परिशिष्टात एकत्र ठेवल्या. परिणाम असा की ज्याला तेवढंच हवं होतं, त्याचं शोधायचं कामही वाचलं. विसाव्या शतकात, १९१९ च्या सुमारास, लोएब या ग्रंथमालेत लॅटिन मजकुरासमोर इंग्रजी अनुवाद देताना अशा कवितांसमोर इंग्रजीऐवजी इटालियन अनुवाद छापला. पान चाळताना भाषा बदललेली दिसली की तिथे काय आहे हे शाळकरी पोरालाही कळे. झाकण्याच्या या युक्त्या उलटतात, कारण त्या कवितेला तिच्या शेजाऱ्यांपासून तोडतात. मार्शियलची उघडी कविता त्याच्या मित्रावरच्या, मरण पावलेल्या लहान मुलीवरच्या कवितांच्या मध्ये वाचली तर एक माणूस दिसतो. वेगळी काढली की उरते फक्त ती गोष्ट.

तरीही या दोन्ही आवृत्त्यांना आम्ही एक श्रेय देतो: मूळ पुसलं नाही. जयदेवाच्या गीतगोविंदाचा १७९२ मध्ये छापलेला इंग्रजी अनुवाद करताना विल्यम जोन्स या इंग्रज पंडितानंही काही भाग सोडले, पण युरोपीय रुचीला फार धीट वाटतील ते सोडले, असं त्यानं लिहून ठेवलं. त्याची निवड आम्हाला पटत नाही. निदान वाचकाला कळतं की बारा सर्ग आणि चोवीस अष्टपद्या पूर्ण वाचायच्या तर दुसरीकडे जायला हवं.

न सांगता कापलं की काय होतं, त्याचा दाखला मराठी राजाच्याच दरबारातला आहे. तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांच्या कारकिर्दीत, १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी या दरबारी गणिकेनं तेलुगूत 'राधिकासांत्वनमु' लिहिलं. राधेनं स्वतः वाढवलेल्या इळेला कृष्णाच्या हाती सोपवायचं, मग मत्सरानं पेटायचं, आणि कृष्णानं तिची समजूत घालायची, असं कथानक. शृंगारात स्त्रीची इच्छा, स्त्रीचा पुढाकार, आणि तोही स्त्रीनंच लिहिलेला. १८८७ मध्ये ते छापलं गेलं तेव्हा मुद्दुपळनीनं आपल्या घरातल्या स्त्रियांची ओळख करून दिलेली प्रस्तावना त्यात नव्हती, आणि काही पद्यंही नव्हती. म्हणजे गाळलं ते फक्त शृंगाराचं नव्हतं, कवयित्रीचं कूळही गाळलं. बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं हस्तलिखित मिळवून ताडून पाहिलं तेव्हा हे उघडकीला आलं. तिनं १९१० मध्ये संपूर्ण काव्य छापलं. वीरेशलिंगम यांच्यासारख्या मोठ्या सुधारकानं या काव्याला आणि कवयित्रीला नावं ठेवली होती. नागरत्नम्मानं त्यांना विचारलं की लाज काय फक्त बायकांनाच असते? पुढच्या एक-दोन वर्षांत सरकारनं प्रती जप्त केल्या, बंदी घातली. ती १९४७ मध्ये मद्रास प्रांतातल्या टी. प्रकाशम यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात उठली आणि १९५२ मध्ये पुस्तक पुन्हा निघालं.

या प्रकरणात बंदीबद्दल सगळे बोलतात. आमच्या मते त्याहून मोठं नुकसान १८८७ चं होतं. बंदी दिसते, तिच्याशी भांडता येतं. गुपचूप कापलेली प्रत मात्र पूर्ण प्रत म्हणून वाचली जाते, आणि ताडून पाहायला कुणी नागरत्नम्मा जन्मावी लागते.

संकोच वाटूच नये असं आमचं म्हणणं नाही. नापसंती कशी नोंदवावी याचा नमुना मराठीतच आहे. महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपालवध' लिहिलं. त्यातला शृंगार पाहून पंथातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं की ग्रंथ चांगला झाला, पण निवृत्तांच्या जोगा नाही. भास्करभट्टांनी मग उद्धवगीता लिहिली. पण म्हणून कुणी शिशुपालवधातल्या ओव्या खरवडून काढल्या नाहीत. ग्रंथ राहिला, त्यावरचा अभिप्रायही राहिला, आणि आज आपण दोन्ही वाचतो. संन्याशांच्या पंथाला जे जमलं, ते प्रकाशनसंस्थेला जमायला हरकत नाही.

फाटलेल्या मजकुराची नोंद कशी करायची हे ग्रीक संपादकांकडून घ्या. प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफो हिच्या कवितेचे बहुतेक तुकडेच उरले आहेत. पॅपिरस जिथे फाटला आहे, तिथे ते चौकटी कंस घालून जागा मोकळी सोडतात. 'तो मला देवासमान वाटतो' अशी सुरुवात होणारी तिची प्रसिद्ध कविता एका साहित्यशास्त्राच्या ग्रंथात उद्धृत झाली म्हणून वाचली, आणि तीही चार कडवी आणि पाचव्याची सुरुवात एवढीच. तिथे अनुवादकांनी शेवट जोडू नये. ओळ अर्धी असेल तर अर्धीच छापा. वाळवीनं खाल्लेली जागा आपण इमानानं दाखवतो. मग कात्रीनं कापलेली का लपवावी? गाळायचंच असेल तर तिथे तीन फुल्या आणि खाली 'मूळच्या चार ओळी गाळल्या' एवढं छापा. फार तर अर्धी ओळ लागते.

प्राचीन तमिळ अकम्, म्हणजे प्रेमाच्या, कवितांच्या अनुवादाविषयी थोडं, कारण गाथांची ती सख्खी चुलत भावंडं आहेत. 'कुरुंतोकै' या संग्रहात चारशे छोट्या कविता आहेत, चार ते आठ ओळींच्या. त्यांत डोंगर, रान, शेत, समुद्रकिनारा आणि उजाड माळ असे पाच प्रदेश ठरलेले आहेत आणि प्रत्येकाशी प्रेमाची एकेक अवस्था बांधलेली आहे: डोंगर मीलनाचा, रान वाट पाहण्याचं, शेत रुसव्याचं, किनारा झुरण्याचा, माळ ताटातुटीचा. डोंगरातल्या कुरिंजीच्या फुलाला 'रानफूल' केलंत तर ते कुठल्या अवस्थेचं बोलणं आहे हेच कळत नाही. फुलाचं नाव मुळातलं ठेवा आणि या पाच जोड्या संग्रहाच्या सुरुवातीला एकदाच छापा. प्रत्येक कवितेखाली पुन्हा पुन्हा नको.

हिब्रू 'गीतरत्न' मराठी बायबलात आठ अध्यायांचं आहे. रब्बी अकिबा यांनी त्याला सर्व पवित्र लिखाणांतलं परमपवित्र म्हटलं. त्याचा अर्थ ईश्वर आणि त्याची प्रजा असा लावण्याची परंपरा मोठी आहे, ती टिपेत द्या. पण ओळीतल्या डाळिंबाच्या फोडीसारख्या गालाचं रूपांतर 'भक्ताची लाली' असं करू नका. गीतगोविंदालाही हेच लागू.

वात्स्यायनाच्या कामसूत्राची विटंबना वेगळ्या तऱ्हेची आहे. सात अधिकरणं, छत्तीस अध्याय. त्यातलं दुसरं अधिकरण शय्येचं, आणि बाजारात विकलं जातं तेवढंच. घर कसं लावावं, बागेत काय लावावं, लग्न कसं ठरतं, गणिकेनं पैसा कसा राखावा हे सगळं बाहेर. इंग्रजी आवृत्ती १८८३ ची, ती रिचर्ड बर्टन या इंग्रज अनुवादकाच्या नावानं ओळखली जाते. पण तिच्यामागचं संस्कृताचं काम मुंबईत भगवानलाल इंद्रजी आणि शिवराम परशुराम भिडे यांनी केलं. त्या इंग्रजीवरून मराठी करणाऱ्यांनी निदान ही दोन नावं छापावीत. आणि कुठलाही अनुवाद मधल्या भाषेतून केला असेल, तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर मधल्या अनुवादकाचं नाव आणि वर्ष द्यावं, कारण त्यानं काय गाळलं ते तुमच्या पुस्तकातही गाळलं गेलेलं असतं.

कायद्याची भीती तुम्ही नेहमी पुढे करता. अश्लील पुस्तकांबद्दलच्या, भारतीय दंड संहितेतल्या कलम २९२ ची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ नं घेतली आहे. त्यातही विज्ञान, साहित्य, कला वा विद्येच्या हितासाठी लोकोपयोगी ठरणाऱ्या प्रकाशनांना अपवाद कायम आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा' या कथेबद्दल चंद्रकांत काकोडकरांवर खटला झाला; १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं, आणि कृती सबंध वाचून ठरवावी असंच सांगितलं. म्हणजे सुटे, भडक तुकडे निवडून काढलेला संग्रह हाच जास्त धोक्याचा. संदर्भ, क्रमांक, टिपा आणि पूर्ण पाठ असलेलं पुस्तक कमी.

तुमच्या पुढच्या संग्रहाची मुद्रितं तपासायला आली की एवढं करा. गाथांची पानं आधी काढा, प्रत्येक मराठी ओळीसमोर मूळ ओळ ठेवा, आणि मुळात नसलेला प्रत्येक शब्द पेन्सिलनं अधोरेखित करा. मग मुळात असून मराठीत नसलेल्या प्रत्येक शब्दाखाली समासात फुली मारा. ताग, साळ, गोला (गोदावरी) आणि 'मह' यांच्यापाशी जरा जास्त वेळ थांबा.

आपले,
शृंगारकाव्याचे काही वाचक आणि अनुवादक